विस्तव टांगताना

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. ही लव कोरडी असेपर्यंत थोडीफार ऊब धरते, ओली झाली की तीही नाही. शरीर इवलंसं आणि त्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे आत तयार होणारी उष्णता लगेच बाहेर निघून जाते. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ती ते स्वतः राखते. पिल्लाला हे जमायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर त्याचं अंग भोवतालच्या हवेच्या भरवशावर असतं. हवा गार, तर पिल्लू गार.

गारठलेलं पिल्लू लगेच मरत नाही, आणि खरी फसगत इथंच होते. ते आधी खाणं सोडतं. अंड्यातून निघण्यापूर्वी पिल्लानं बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून शेकडो किलोमीटर पाठवता येतात. अंगात ऊब असेल तर हा बलक जिरतो. नसेल तर तो पोटात तसाच राहतो, सडतो, बेंबीला संसर्ग होतो आणि पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी जातं. पाळणारा म्हणतो, हॅचरीतूनच माल खराब आला. कधी कधी ते खरंही असतं. पण दिवाळीनंतर आपल्याकडे पहिल्या आठवड्यातली जी मरतूक दिसते, तिच्यातली बरीच पहिल्या दोन रात्रींच्या गारठ्यात ठरून गेलेली असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एक बाई मदर युनिट चालवतात. मदर युनिट म्हणजे मधला टप्पा. एक दिवसाची पिल्लं आणायची, पहिले चार आठवडे ऊब, खाद्य आणि लसी देऊन जगवायची आणि मग परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांना द्यायची. घरोघरी एक दिवसाची पिल्लं वाटली तर त्यातली किती टिकतील याचा नेम नसतो, म्हणून ही व्यवस्था आली. बाईंकडे एका खेपेला ३०० पिल्लं येतात. कधी गिरिराज, कधी वनराज. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली जात, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. दोन्ही परसात फिरून खाणाऱ्या, रंगीत पिसांच्या. बाईंचं नाव इथं देत नाही, पण त्यांच्या शेडमध्ये जे पाहिलं ते सविस्तर सांगतो, कारण इतकं नीट लावलेलं ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी मांडणी, मी मोठ्या कराराच्या शेडमध्येही फारसं पाहिलेलं नाही.

मी गेलो तेव्हा पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. शेड धुऊन, चुना मारून आठवडाभर रिकामं ठेवलेलं होतं. जमिनीवर भाताचं तूस तीन-चार इंच पसरलेलं. अकोल्यात भात भरपूर, त्यामुळे तूस गिरणीवरून सहज मिळतं. तुसावर पत्र्याची तीन गोल कुंपणं उभी होती, प्रत्येकी सहा फूट व्यासाची आणि दीड फूट उंचीची. यालाच चिकगार्ड म्हणतात. ती गोलच हवीत. चौकोनात कोपरे येतात, थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. एका रात्रीत एका कोपऱ्यात तीस-चाळीस पिल्लं गेल्याचं मी दुसरीकडे पाहिलेलं आहे. त्यांच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.

प्रत्येक गोलाच्या मध्यावर दोन दिवे. एक २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड, एक १०० वॅटचा साधा. पिल्लं उद्या येणार, पण दिवे आजपासूनच चालू होते. मी कारण विचारलं तर त्यांनी माझा हात धरून तुसात खुपसला. वरचा थर कोमट होता, खालचा अजून गार. ‘‘हवा तापायला तासभर पुरतो, दादा. तूस आणि खालचा कोबा तापायला पुरी रात जाती. पिल्लू उभं राहतं ते कशावर? तुसावर ना?’’

इन्फ्रारेड दिवा हवा फारशी तापवत नाही, त्याचे किरण ज्यावर पडतात त्या वस्तूला तापवतात. त्यामुळे शेडच्या भिंतीवर टांगलेला तापमापक काहीही दाखवो, त्याचा पिल्लाशी संबंध नाही. तापमान मोजायचं ते दिव्याच्या कडेला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन-अडीच इंचांवर. पहिल्या आठवड्यात तिथं ३५ अंश हवेत. शेडमधली माणसं अजून फॅरेनहाइटमध्येच बोलतात, त्यांच्या भाषेत ९५. मग दर आठवड्याला पाच-पाच फॅरेनहाइट कमी करत जायचं, म्हणजे साधारण तीन अंश सेल्सिअस. हे कमी करायचं ते दिवा दोन-तीन इंच वर उचलून. सुरुवातीला २५० वॅटचा दिवा तुसापासून दीड ते दोन फुटांवर असतो.

आता त्या दिव्याकडे नीट पाहू, कारण या लेखाचा जीव त्यात आहे.

२५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा हा प्रकाशासाठी बनलेला नाही. तो टांगलेला विस्तव आहे आणि त्याच्या खाली दीड फुटावर कोरडं तूस पसरलेलं आहे. घरात कोणी पेटती शेगडी सुतळीनं बांधून गवताच्या गंजीवर लटकवणार नाही, पण बल्ब म्हटलं की माणसाचं मन निर्धास्त होतं. मी पाहिलेल्या दहातल्या आठ शेडमध्ये तो दिवा त्याच्याच वायरवर लोंबकळत असतो. वायरला गाठ मारून उंची कमी केलेली असते. गाठीत वायरचं आवरण चिरतं, उष्णतेनं कडक होतं, होल्डरमधला स्क्रू सैल होतो, आणि एका रात्री दिवा खाली येतो. कधी पिल्लं उडी मारून त्यावर आदळतात, कधी घूस वायर कुरतडते, कधी वाऱ्याचा झोत पडदा उचलून दिव्यावर टाकतो.

भाताच्या तुसाचा आणखी एक गुण म्हणजे ते भडकत नाही, धुमसतं. म्हणूनच तुसाची शेगडी तासन्‌तास चालते. दिवा तुसात पडला तर पहिला अर्धा-एक तास ज्वाळा दिसणारच नाही, नुसता धूर कोंडत राहील. पडदे चहूबाजूंनी ओढलेल्या शेडमध्ये पिल्लं धुरानंच संपतात. ज्वाळा नंतर येते, आणि ती छपराला भिडते तेव्हा शेजारी जागे होतात.

बाईंच्या शेडमध्ये प्रत्येक दिवा साखळीला आहे. साखळीचा आकडा छताच्या लोखंडी पाइपाला, दोऱ्याला किंवा बांबूला नाही. वायर साखळीच्या बाजूनं सैल सोडलेली, तिच्यावर वजनाचा एक तोळाही नाही. याशिवाय प्रत्येक दिव्याला दुसरा आधार आहे. जाड जीआय तार, ती वेगळ्या पाइपाला बांधलेली. तिची लांबी अशी ठेवलीय की साखळी तुटली तरी दिवा तुसापासून फूटभर वरच अडकेल. मी ती तार ओढून पाहिली. दोन्ही आधार एकाच खिळ्याला असते तर दुसऱ्याला काही अर्थ उरला नसता, कारण खिळा निघाला की दोन्ही एकदम जातात. दिव्याभोवती तारेची जाळी आहे, म्हणजे पडलाच तरी तापलेली काच थेट तुसाला टेकणार नाही.

होल्डर चिनी मातीचे आहेत. आपल्या घरातले बल्ब पिनांचे असतात आणि होल्डर बेकेलाइटचे किंवा प्लॅस्टिकचे. इन्फ्रारेड दिव्याला आटे असतात. मग गावात माणूस काय करतो? दहा-वीस रुपयांचा पिन-टू-आटे जोड घेतो, तो प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवतो आणि त्यात २५० वॅटचा दिवा फिरवतो. हा जोड मला या सगळ्या मांडणीतली सर्वांत घातक वस्तू वाटते. दिव्याची उष्णता वर चढते, होल्डर मऊ पडतो, पिना सैल होतात, सैल जागी ठिणगी पडते. साठ वॅटच्या बल्बसाठी बनलेल्या होल्डरकडून चौपट काम घ्यायचं आणि तेही चोवीस तास, आठवडे न्‌ आठवडे.

वायरिंगचं गणित त्यांनी गावातल्या वायरमनकडून करून घेतलंय. तीन गोलांत मिळून १०५० वॅट, म्हणजे साधारण साडेचार अँपियर. हा भार मोबाइलच्या चार्जरसाठी आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर टाकायचा नसतो. शेडसाठी वेगळी लाइन, तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर, वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. शेडमध्ये पाण्याची भांडी, ओलसर तूस आणि लोखंडी पाइप असे तिन्ही एकत्र असतात. शॉक लागण्यापासून वाचवणारं यंत्र तिथं नसेल, तर कधी ना कधी पिल्लांच्या आधी माणूस जाईल.

काचेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. काही दिव्यांवर फुटू नयेत म्हणून टेफ्लॉनचा, म्हणजे नॉन-स्टिक तव्यावर असतो तसा थर दिलेला असतो. तापल्यावर त्यातून निघणारी वाफ माणसाला कळतही नाही, पण पक्ष्याचं फुप्फुस ती सहन करू शकत नाही आणि पक्षी काही तासांत मरतात. खोक्यावर ‘शॅटरप्रूफ’ असं लिहिलेलं दिसलं तर तो दिवा पिल्लांवर लावायचा नाही. आणि साध्या काचेच्या तापलेल्या दिव्यावर पाण्याचा शिंतोडा उडाला तर ती तडकते, म्हणून ड्रिंकर, म्हणजे पाण्याचं भांडं, दिव्याच्या खाली नाही, बाजूला.

पिल्लं सकाळी साडेसातला आली. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली खोकी, एकेका खोक्यात चार कप्पे, कप्प्यात पंचवीस-पंचवीस. बाईंनी प्रत्येक पिल्लू हातात घेतलं, त्याची चोच एकदा पाण्यात बुडवली आणि दिव्याच्या कडेला सोडलं. पाणी आदल्या रात्रीच शेडमध्ये भरून ठेवलेलं, त्यामुळे ते कोमट, आणि त्यात थोडा गूळ. खाद्य दोन-तीन तासांनी, भरडलेला मका कागदावर पसरून. कागद गुळगुळीत नको, पिल्लांचे पाय फाकतात. आणि त्याच्या कडा वर वळून दिव्याकडे जाणार नाहीत हे बघायचं.

मी तापमापक पाहत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘बल्ब बघू नका, काटा बघू नका, पिल्लं बघा.’’

ब्रूडरचं सगळं शास्त्र या बघण्यात आहे. पिल्लं दिव्याखाली एकमेकांना चिकटून गोळा झाली आणि चढ्या आवाजात ओरडत असतील तर गार आहे, दिवा खाली घ्या किंवा दुसरा लावा. सगळी कुंपणाच्या पत्र्याला जाऊन टेकली, चोच उघडी, पंख सैल सोडलेले, आवाज बंद, तर तापलंय, दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय, पडद्याची फट शोधा. गोलभर विखुरलेली, काही खातायत, काही पाणी पितायत, काही पाय पसरून झोपलीत आणि मधूनमधून बारीक समाधानी आवाज येतोय, तर हात लावू नका.

सहा फुटांचा गोल यासाठीच लागतो. मध्यावर ३५ अंश आणि कडेला २५-२६. पिल्लाला हवं तिथं जाता आलं पाहिजे. सगळा गोल सारखा तापवला तर काटा अचूक दाखवेल आणि पिल्लं तरीही मरतील, कारण त्यांतल्या प्रत्येकाची गरज तासागणिक बदलते. खाऊन आलेलं पिल्लू थोडं गार चालवून घेतं, पाण्यात पाय भिजवून आलेलं थेट दिव्याखाली जातं. कोंबडीच्या पंखाखाली नेमकं हेच घडतं. आई ऊब धरून बसते, आत-बाहेर करायचं पिल्लू स्वतः ठरवतं. माझ्या मते सुरक्षित ब्रूडरची कसोटी दोनच प्रश्नांची आहे. दिवा पडू शकतो का? आणि पिल्लू त्याच्यापासून लांब जाऊ शकतं का?

दुपारनंतर बाईंनी आणखी एक गोष्ट केली. एक पिल्लू उचलून त्याचे दोन्ही पाय स्वतःच्या गालाला लावले. पाय गार लागले तर तूस गार, मग काटा काहीही म्हणो. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवणारे कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ताप ओळखत, कित्येक पिढ्या आणि तापमापकाशिवाय. अठराव्या शतकात रेओमुर या फ्रेंच शास्त्रज्ञाला त्या इजिप्शियन कलेनं झपाटलं. १७४९ मध्ये त्यानं अंडी उबवण्यावर आणि पिल्लं वाढवण्यावर मोठा ग्रंथ काढला. त्यात शेणखताच्या उबेवर पिल्लं जगवायचे प्रयोग आहेत आणि एक ‘कृत्रिम आई’ही आहे. ती म्हणजे उतरत्या छताची पेटी, छताला आतून मेंढीच्या केसाळ कातडीचं अस्तर. पिल्लू आत शिरून पाठ त्या कातडीला टेकवायचं. त्याला जास्त ऊब हवी तर ते उताराच्या बुटक्या बाजूला सरकायचं, नको तर बाहेर यायचं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्यानं पिल्लाची ही निवड ओळखली होती. परदेशात घरगुती पाळणारे आता ज्या विजेच्या उबदार पाट्या वापरतात, त्यांचं तत्त्वही हेच आहे. चार पायांवर उभी असलेली तिरकी पाटी, खालून कोमट, आणि वीज पंधरा ते साठ वॅट. वीस-पंचवीस पिल्लांसाठी २५० वॅटचा दिवा टांगणं मला अजिबात पटत नाही. तिथं अशी पाटी चांगली. मात्र ती हवा तापवत नाही, त्यामुळे उघड्या, फार गार शेडमध्ये तिचा जोर पडत नाही.

आपल्याकडे अडचण विजेची आहे, आणि ती नुसती वीज जाण्याची नाही. रात्री गावात व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर दिवा लाल दिसत राहतो, माणसाला वाटतं चालू आहे, पण त्यातून निघणारी ऊब जेमतेम दोन-तृतीयांश उरते. पहाटे तीन ते सहा ही सर्वांत गार वेळ. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो. त्याच वेळेला दिवा मंदावतो. म्हणून पहिल्या आठवड्यात कुणीतरी पहाटे उठून पिल्लं बघायलाच हवीत. दुसरं असं की, साधे पिवळे बल्ब दुकानांतून नाहीसे होत चाललेत. २०१५ मध्ये उजाला योजना आली, घराघरात एलईडी पोचले, विजेची बचत झाली, हे चांगलंच झालं. पण एलईडी ऊब देत नाही. नवीन पाळणारे पांढराशुभ्र एलईडी लावून पिल्लं उजेडात गारठवतात, हे मी दोन ठिकाणी पाहिलं.

वीज गेली की काय करायचं? बाईंकडे तुसाची शेगडी आहे, पण तिचं धुराडं पत्र्यातून बाहेर काढलेलं आहे आणि शेगडीभोवती विटांचं कडं आहे. या बाबतीत सूट नाही. पेटलेला कोळसा बंद शेडमध्ये ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. राखणीला झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. दरवर्षी थंडीत शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. शेडमध्येही तोच वायू, तोच परिणाम.

आणि त्यातूनच पडद्यांचा प्रश्न येतो. थंडीच्या भीतीनं लोक पडदे वरपासून खालपर्यंत आवळतात. मग तुसातला अमोनिया कोंडतो. शेडमध्ये शिरल्यावर आपले डोळे चुरचुरले तर जमिनीपासून तीन इंचांवर श्वास घेणाऱ्या पिल्लाचं काय होत असेल? पडदा खालून बांधायचा आणि वर फूटभर फट ठेवायची. गरम, ओली, घाण हवा वरून निघून जाते, गार वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही. ऊब आणि हवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात, त्यासाठी फक्त पडद्याची दिशा बदलावी लागते. तरीही दहातल्या सहा शेडमध्ये पडदा वर बांधून खाली सोडलेला असतो.

संध्याकाळी बाईंनी पंधरा-वीस पिल्लं वेगवेगळ्या जागांवरून उचलून त्यांच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. मऊ, भरलेली, पिठुळ असेल तर पिल्लू खातंय आणि पितंय. कडक असेल तर खाल्लंय पण पाणी मिळालं नाही. रिकामी असेल तर त्याला उचलून दिव्याजवळ, पाण्यापाशी ठेवायचं. बुडाला विष्ठा चिकटून बसली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायची, नाहीतर पिल्लू तुंबून मरतं. रात्री दिव्यांच्या पत्र्याच्या छत्र्या त्यांनी पुसल्या नाहीत, कारण त्या गरम होत्या. सकाळी एकेक दिवा बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या फडक्यानं पुसतात. पिल्लांच्या लवेची आणि तुसाची बारीक धूळ छत्रीत साठते आणि तापते.

पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेतची, म्हणजे मानमोडीची लस डोळ्यात थेंबानं. मग दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची. दर दोन-तीन दिवसांनी कुंपण थोडं मोठं करायचं, दिवा थोडा वर घ्यायचा. तिसऱ्या आठवड्यात दिवसा दिवे बंद. चौथ्याच्या शेवटी पंखावर आणि पाठीवर पिसं फुटलेली असतात. तेव्हा पिल्लं घरोघरी जातात.

इथंच बाईंची एक तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते. घेऊन जाणारी माणसं मायेपोटी पहिल्याच रात्री डालग्याखाली पिल्लं कोंडून वर गोणपाट टाकतात आणि आत शंभरचा बल्ब सोडतात. चार आठवड्यांच्या पिसं आलेल्या पिल्लाला आपल्या हवेत बल्ब लागत नाही. त्याला कोरडं तूस हवं, वारा आणि पाऊस अडवणारं खुराडं हवं आणि मुंगूस-मांजराला शिरता येणार नाही अशी जाळी हवी. गोणपाटाला टेकलेला बल्ब घर पेटवायला पुरेसा असतो. ज्यांच्या घरी खुडूक कोंबडी असेल त्यांना त्या सांगतात, पुढच्या वेळेला दहा-बारा एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा, सकाळी ती आपलीच समजून फिरवेल, वीजही नको आणि दिवाही नको. उरलेल्यांकडून त्या पिल्लं देण्याआधी खुराड्याचा फोटो मागवून घेतात. गेल्या खेपेला एका घराच्या फोटोत डालग्याच्या भोकातून आत गेलेली वायर दिसली. त्या घरची पिल्लं त्यांनी आठवडाभर स्वतःकडेच ठेवून घेतली, वायर काढल्याचा दुसरा फोटो आल्यावर दिली.